मामांना सुपरवायझर केलं तेव्हा

माझं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "सून कारखान्यांची हजेरी बघती." मी आधी चिडायचे, मग नाद सोडला. वाळूजच्या लहान कारखानदारांना कामगार कायद्यांत काय बदललं ते सांगायचं, आणि त्यांच्याकडचा कोणता माणूस कायद्याच्या भाषेत कोण ठरतो ते कागदावर बसवून द्यायचं, हा माझा धंदा. कायम, हंगामी, बदली, शिकाऊ, ठेकेदाराचा. माणूस तोच आणि मशीनही तेच, पण त्याला कागदावर काय म्हटलंय यावर त्याची नोकरी टिकणार की जाणार हे ठरायचं. आणि ते म्हणायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असायचं.

औरंगपुऱ्यात एका वह्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन मी ऑफिस थाटलं होतं. लोक सकाळी पेपर वाचतात, मी राजपत्र वाचायचे. कुठली दुरुस्ती आली, कुठल्या कोर्टानं काय म्हटलं, कुठला फॉर्म बदलला, याची कात्रणं चिकटवून ठेवायचे. नियम बदलला आणि माझ्या पक्षकाराला तो इन्स्पेक्टरच्या तोंडून कळला, असं एकदाही झालं नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे. नवरा म्हणायचा, "तुला सणवार लक्षात राहत नाहीत, पण फॉर्म भरायची शेवटची तारीख झोपेत सांगशील." खरंच होतं ते.

मालकमंडळी मात्र एकेक नमुने. शहरातला एक बेकरीवाला होता. इन्स्पेक्टर आला की भट्टीवरच्या सगळ्या माणसांना तो पाहुणे म्हणून सांगायचा. मी कपाळावर हात मारून विचारलं, "अहो, अकरा पाहुणे पहाटेपासून पाव भाजतायत?" तर शांतपणे म्हणाला, "मॅडम, अपने घर का काम समझके करते बेचारे." दुसऱ्या एकानं नऊ वर्षं एका माणसाला शिकाऊ म्हणून ठेवलं होतं. त्या शिकाऊ माणसाच्या हाताखाली तीन जण शिकून बाहेर पडले होते. अशांचे कान टोचता टोचता माझा दिवस जायचा, आणि त्यामुळे मला वाटायचं की मी दोन्ही बाजूंचं भलंच करतेय.

माझ्या पक्षकारांत एक प्रेसशॉपवाला होता. पत्र्याच्या पट्ट्या प्रेस मशीनखाली दाबून त्यांतून गाड्यांचे लहान भाग काढायचे, एवढंच त्याचं काम. माणूस करमाडकडचा, शेतकरी घरातला. तिकडे औद्योगिक वसाहतीत जमीन गेली, त्या पैशांत यानं वाळूजला शेड उभी केली. कारखान्यातलं त्याला कळायचं, कागदातलं काहीच नाही. मला ताई म्हणायचा आणि मी म्हणेन तिथं सही करायचा. असा पक्षकार असला की आपण हुशार आहोत असं फार वाटतं.

त्याच्याकडे सगळ्यांत जुने कामगार होते पाचोडचे मामा. पहिलं मशीन शेडमध्ये उतरवलं तेव्हापासूनचे. घरची मेंढरं राखत वाढलेले, मग वाळूजला आले आणि प्रेसवर बसले. मशीनच्या आवाजावरून डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, कुठं घासतोय ते सांगायचे. सकाळी शेडमध्ये आले की एकदा सगळीकडे नजर फिरवायचे आणि आज कोण आलं नाही ते लगेच सांगायचे. मी विचारलं, "एवढ्या लवकर मोजता कसे?" तर हसून म्हणाले, "मोजायचं नसतंय मॅडम. मेंढरं मोजत बसलं तर दिवस जायचा. कोन नाय ते बघायचं." ते मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आणि प्रत्येक वेळी वाहवा मिळवली.

मग जालना रोडवरच्या एका हॉटेलात मालकांसाठी शिबिर झालं. पुण्याचे एक वकील आले होते. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: देखरेख. कायद्यात कामगार म्हणजे हातानं, डोक्यानं, लेखणीनं राबणारा. पण जो मुख्यतः देखरेख करतो आणि ठराविक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेतो, तो कामगार नाही. कामगार नाही म्हणजे त्याला काढायचं तर कामगार कायद्याची कटकट नाही. ही व्याख्या मला पाठ होती, पण तिचा असा उपयोग कुणी इतका सोपा करून दाखवला नव्हता. मी घाईघाईनं टिपून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी स्कूटी काढून प्रेसशॉपवर गेले.

मालकाला म्हटलं, "तुमचे तीन जुने लोक सुपरवायझर करा. पगार थोडा वर न्या. उद्या काही वेळ आली तर मोकळे राहाल."

"ताई, पण ते मशीनच चालवणार ना?"

"चालवू देत. कागद मी बघते."

कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हणून मी नुसतं पत्र देऊन थांबले नाही, रजेच्या चिठ्ठ्यांवर मामांची सही घ्यायची पद्धत घालून दिली. रजा द्यायची की नाही ते मालकच ठरवायचा. चिठ्ठी मामांच्या पुढ्यात यायची, मामा हात पुसून सही करायचे आणि परत मशीनवर बसायचे. सही वळणदार यावी म्हणून त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे सराव केलेला मी पाहिला होता. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं.

पदोन्नतीचं पत्र मिळालं त्या दिवशी मामांनी पेढे वाटले. माझ्यासाठी वेगळा पुडा आणला होता. पत्र त्यांनी कॅरीबॅगेत, कॅरीबॅग पिशवीत आणि पिशवी डब्याच्या खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ते पांढरा शर्ट घालून कंपनीच्या बसमधून यायचे. शेडमध्ये आले की शर्ट खिळ्याला टांगायचे, तेलाचा जुना शर्ट चढवायचे आणि दिवसभर पट्ट्या सरकवायचे. सुटताना परत पांढरा. त्यांचा आनंद खरा होता. मला ते तेव्हाच खटकलं, पण मी स्वतःला समजावलं की पगार तर वाढलाय ना, मग झालं.

वर्षभरानं मामांनी मुलीचं लग्न ठरवलं. पत्रिका छापायची होती म्हणून ते थेट माझ्या ऑफिसात आले. आपल्याकडे पत्रिकेत नावाखाली कंसात हुद्दा छापतात. कुणी ग्रामसेवक असतो, कुणी चेअरमन, कुणी माजी सरपंच. त्यांच्या घरात असा कंस आजवर कुणाच्याच नावाखाली आला नव्हता.

"मॅडम, त्यो शब्द नीट लिवून द्या. छापखान्यावाला चुकवंल."

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: सुपरवायझर, वाळूज. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून पांढऱ्या शर्टच्या खिशात ठेवला. पत्रिका छापून आल्यावर स्वतः येऊन अक्षता ठेवून मला आमंत्रण दिलं. मी पाचोडला लग्नाला गेले. जेवणाच्या पंगतीत नवरदेवाचे वडील, म्हणजे मामांचे व्याही, सगळ्यांना सांगत होते, "आमचं याही वाळूजला साहेब हायेत." मामा खाली बघून हसत होते. मला त्यांनी बळंच दोन जिलेब्या जास्त वाढल्या.

त्यानंतर मंदी आली. मोठ्या कारखान्यानं प्रेसशॉपचं काम निम्म्यावर आणलं. मालकाचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होते. त्याचा आवाज रडवेला होता. म्हणाला, "ताई, माणसं कमी करावी लागतायत. कुणाला काढता येतं?"

मी चहाचा कप खालीही ठेवला नाही. म्हटलं, "कामगार काढायचा तर यादी लावावी लागते. शेवटी आलेला आधी जातो, नोटीस, भरपाई, सगळं करावं लागतं. सुपरवायझर मात्र पत्रातल्या एका महिन्याच्या नोटिशीवर जातो."

मग तो म्हणाला, "म्हणजे मामा?"

"कायद्यानं विचाराल तर, हो."

सगळ्यांत जुना माणूस सगळ्यांत आधी निघाला. मी त्यांना बढती दिली नसती, तर ते सगळ्यांत शेवटी निघाले असते. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला देणार नाही.

बाकीचे दोघे नोटीस घेऊन गुमान गावी गेले. मामा कामगार न्यायालयात गेले. त्यांच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं: नाव सुपरवायझर, काम मशीनवरचं, तेव्हा हा कामगारच आहे आणि त्याला परत कामावर घ्या. आणि ते खरं होतं. मालकाच्या वकिलांनी सगळी कागदपत्रं चाळली आणि चष्मा काढून म्हणाले, "रजेच्या चिठ्ठ्या आहेत, पण त्या नावापुरत्याच आहेत असं समोरचा म्हणेल. ते स्वतः काय सांगतात त्यावर सगळं आहे. साक्षीत ते म्हणाले की मी दिवसभर मशीन चालवत होतो, तर आपण हरलो."

त्यावर मी काही बोलले नसते तर चाललं असतं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण तोवर इतक्या वर्षांत माझी एकही केस उलटली नव्हती, आणि डोक्यात तेवढंच होतं. मी म्हटलं, "त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्याकडे आहे."

मालक चमकून माझ्याकडे बघायला लागला. "ताई, ते कशाला? घरातली गोष्ट आहे ती."

"जिंकायचंय ना तुम्हाला?" मी फटकन म्हटलं. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मी पत्रिका वकिलांच्या हातात दिली. तिच्या घडीत एक अक्षत अडकलेली होती. वकिलांनी ती टेबलावर झटकली.

साक्षीच्या दिवशी मामा पांढऱ्या शर्टात आले होते. सोबत व्याही होते. व्याह्यांना कोर्टकचेरीची माहिती होती, म्हणून आधाराला आणलं असावं. मी मालकाच्या मागच्या बाकावर बसले होते. मामांनी मला पाहून हात जोडले. मीही जोडले.

उलटतपासणी सुरू झाली. पहिले काही प्रश्न मामांनी बरोबर पेलले. मशीन कोण चालवायचं? मी. पट्टी कोण सरकवायचं? मीच. मग वकिलांनी पत्रिका त्यांच्या हातात दिली.

"ही तुमच्या मुलीच्या लग्नाची?"

"व्हय."

"तुमच्या नावाखाली काय छापलंय ते वाचा."

मामांनी वाचलं. आवाज इतका बारीक की न्यायाधीशांनी पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"हे खरं आहे की खोटं?"

मामांना फक्त एवढंच म्हणायचं होतं की साहेब, ते नावाला होतं, मी राबत होतो. तेवढ्यावर नोकरी परत आली असती. त्यांच्या वकिलांनी तसं पढवलंही असणार. पण मामांनी मान वळवून मागे पाहिलं. मागच्या बाकावर व्याही दोन्ही हात काठीवर ठेवून पुढे झुकून ऐकत होते. मुलगी त्यांच्या घरात नांदत होती.

"खरं हाये," मामा म्हणाले.

"तुमच्या हाताखाली माणसं होती?"

"व्हती की. धा-बारा व्हती."

"मशीन ती माणसं चालवायची, तुम्ही त्यांच्यावर देखरेख ठेवायचात. बरोबर?"

यावेळी मागे न बघता ते म्हणाले, "व्हय. म्या नुसतं बघायचो."

त्यांच्या वकिलांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. मला माहीत होतं की हा माणूस खोटं बोलतोय, आणि त्याच्या खोट्यानं माझी बाजू जिंकतेय. मी कितीदा त्यांना त्या मशीनवर पाहिलं होतं! मालकानं तोंडावरून हात फिरवला आणि शेवटपर्यंत वर पाहिलं नाही. मी बसून राहिले. व्याही मात्र बाहेर पडताना समाधानानं मामांच्या पाठीवर हात ठेवून चालले होते.

काही महिन्यांनी निकाल लागला. अर्जदार स्वतःच देखरेखीचं काम कबूल करतो, तेव्हा तो कामगार नाही आणि त्याचा अर्ज इथं चालू शकत नाही. वकिलांनी फोनवर अभिनंदन केलं. पुढच्या शिबिरात बोलायला मलाच बोलावलं, आणि मी गेलेही. कागदपत्रं कशी ठेवावीत यावर बोलले. लोक घाईघाईनं टिपून घेत होते, जसं मी एकदा घेतलं होतं. पाणी प्यायचं निमित्त करून मी थोडा वेळ बाहेर उभी राहिले आणि परत येऊन भाषण पूर्ण केलं.

निकालानंतर पंधरा-वीस दिवसांत मामा माझ्या ऑफिसात आले. मला वाटलं, भांडायला आले. मी मनातल्या मनात उत्तरंही जुळवून ठेवली. पण ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "शेंद्र्याला प्रेसची कंपनी निघालीया. करमाडपासून जवळच. ओळखीच्या माणसानं माझं नाव सांगितलं. पर ते म्हणतेत, आमाला सुपरवायझर नको, हातानं काम करनारा पायजे. माझ्याजवळ पत्र त्याच नावाचं."

"मग?"

"मॅडम, कागदावर मला परत कामगार करा. म्या प्रेस चालवत व्हतो असं मालकाच्या सहीनं लिवून द्या. मालक म्हनले, मॅडमला विचारा. त्या म्हनतील तसं."

ते पत्र म्हणजे दोन ओळींचं काम होतं, आणि त्या दोन्ही ओळी खऱ्या होत्या. पण मामा अजून वरच्या कोर्टात जाऊ शकत होते. मालकाच्या सहीचं असं पत्र त्यांच्या वकिलाच्या हाती लागलं असतं, तर जिंकलेली केस त्याच दिवशी उलटली असती. एवढा सगळा विचार मी ते समोर बसलेले असताना केला. तोंडावर तो दिसू दिला नाही.

म्हटलं, "मामा, कोर्टाचं प्रकरण ताजं आहे. आत्ता असं पत्र देता येत नाही. तीन-चार महिने थांबा, मग मी स्वतः करून देते."

"नियम असंल तसा," ते म्हणाले. "तुमाला त्यातलं लई कळतं."

असा कुठलाच नियम नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा नसलेला नियम सांगितला. ते जिना उतरून गेल्यावर मी बराच वेळ राजपत्र उघडून बसले, पण वाचलं काहीच नाही. मला माझी लाज वाटत होती, आणि तरीही मी उठून त्यांना हाक मारली नाही.

चार महिन्यांत कुणी वरच्या कोर्टात गेलं नाही. मीच मालकाकडे जाऊन पत्र लिहिलं आणि सही घेतली: प्रेस ऑपरेटर म्हणून बारा वर्षं स्वतः मशीन चालवलं, काम उत्तम. मालकानं सही करताना मला विचारलं, "ताई, हे आधी नसतं का देता आलं?" मी म्हटलं, नाही. मामांना निरोप पाठवला. ते पाचोडहून एसटीनं आले. अंगात साधा गावाकडचा सदरा होता. पत्र घेतलं, बोट फिरवत सावकाश वाचलं आणि मान हलवली.

"बराबर लिवलंय," ते म्हणाले.

"आता शेंद्र्याला दाखवा लगेच."

"ती जागा भरली की मॅडम. आठ दिसातच भरली."

मी म्हटलं, "अहो, मग मला तेव्हाच येऊन सांगायचं! मी काहीतरी केलं असतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच समजावून सांगायला हवं होतं.

"तुमी थांबा म्हनल्या व्हत्या," ते म्हणाले.